कॅप्टन ट्रॅमेल यांनी निवृत्त व्हावं म्हणून

क्लेटन प्रूइट ज्या विमान कंपनीत पाऊल टाकतो ती कंपनी बसते, असं पीचट्री सिटीतले लोक त्याच्या तोंडावर म्हणत. पाठीमागे काय म्हणत असतील ते त्यांनाच ठाऊक. अर्धं गाव पायलटांचं, त्यामुळे अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नसे. लोक गोल्फच्या बॅटरीगाड्यांतून दूध-ब्रेड आणायला निघत आणि वाटेत दोन गाड्या शेजारी थांबवून कोणाची बढती झाली, कोणाची हुकली, हे बोलून घेत. क्लेटन समोरून आला की एखादा हमखास ओरडायचा, "काय प्रूइट, पुढचा अर्ज कुठे करतोयस? आधी सांग बाबा, आम्ही तिकडचे शेअर विकून टाकतो!"

त्यांचंही फार चुकत नव्हतं. क्लेटन पहिल्या मोठ्या कंपनीत लागला तो २००१ च्या एप्रिलमध्ये. सप्टेंबरात काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. ऑक्टोबरात क्लेटन घरी. मग एका छोट्या कंपनीत सहा वर्षं काढली, तिथे कॅप्टन झाला, खांद्यावर चार पट्ट्या आल्या. २००८ मध्ये तेल भडकलं आणि त्या कंपनीने एका शनिवारी सकाळी ईमेल पाठवून दुकान बंद केलं. क्लेटन तेव्हा कॅन्सस सिटीच्या हॉटेलात दाढी करत होता. खाली आला तर काउंटरवरच्या मुलीने गोड हसून खोलीच्या भाड्यासाठी त्याचंच कार्ड मागितलं. पुढची काही वर्षं त्याने मालवाहू विमानातून कोंबडीची एक दिवसाची पिल्लं देशभर पोचवली. ते प्रवासी त्याला आवडत. ते कधीही खिडकीची जागा मागत नसत.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला मॅग्नोलिया एअरलाइन्सने घेतलं. मोठी कंपनी, चांगलं नाव. पण पायलटच्या धंद्यात तुम्ही किती वर्षं विमान उडवलंत, किती वादळांतून माणसं सुखरूप उतरवलीत, याला कोणी विचारत नाही. या कंपनीत तुम्ही कोणत्या तारखेला शिरलात, तेवढंच बघतात. त्या तारखेवरून यादीत एक नंबर मिळतो, आणि मग तुम्ही कोणतं विमान उडवणार, कोणत्या खुर्चीत बसणार, नाताळ घरी की फार्गोच्या विमानतळावर, हे सगळं तो नंबर ठरवतो. कंपनी बदलली की पुन्हा तळाला. त्यामुळे वीस वर्षांचा अनुभव घेऊन क्लेटन सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. सहा हजार दोनशे दहा पायलटांत त्याचा नंबर होता पाच हजार चारशे एकतीस. तीन वर्षं तो खुशीत होता. मग २०२० चा मार्च आला.

एप्रिलमध्ये तो ओमाहाला गेला तेव्हा विमानात तीन प्रवासी होते आणि त्यांची सेवा करायला चार जणी. मे महिन्यात विमानतळाची एक धावपट्टी बंद करून तिच्यावर विमानं उभी केली, शेपटीला शेपूट लावून, जत्रेतल्या गाड्यांसारखी. कंपनीचे सर्वोच्च साहेब दर आठवड्याला व्हिडिओवर येत. राखाडी स्वेटर, मागे पुस्तकांचं कपाट, डोळ्यांत ओलावा. "आपण एक कुटुंब आहोत," असं ते प्रत्येक वेळी सांगत. जुलैत कुटुंबप्रमुखांनी जाहीर केलं की आठशेवीस मुलांना घराबाहेर काढावं लागेल, त्यातही त्यांचा ओलावा कायम होता.

पत्र आलं. पाच हजार तीनशे नव्वदच्या खालचे सगळे पायलट १ ऑक्टोबरपासून फर्लोवर. आपल्याकडे फर्लो मिळते ती येरवड्याच्या कैद्याला, आणि तो बिचारा घरी जायला मिळालं म्हणून आनंदाने उड्या मारतो. इकडे पायलटला फर्लो मिळते तेव्हा तोही घरीच जातो. पगार बंद, परत केव्हा बोलावतील याचा पत्ता नाही, पण नाव मात्र यादीत राहतं. ज्याने हा शब्द दोन्हीकडे चालवला तो माणूस मोठा विनोदी असला पाहिजे.

"एक्केचाळीस," क्लेटन पत्र टेबलावर ठेवत बायकोला म्हणाला. "रेषेच्या एक्केचाळीस जागा खाली आहे मी, रोंडा."

रोंडा शाळेत नर्स होती. संकट आलं की तिला आधी ताप मोजायची सवय. "म्हणजे फार वाईट का थोडं वाईट?"

"तिसऱ्यांदा आहे. आता मलाच कळत नाही."

रोंडाची आई, जिला सगळी गल्ली आणि स्वतः क्लेटनही 'मिस ओपल' म्हणत असे, ती खिडकीशी बसून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. एकोणऐंशी वर्षांची बाई, कान तिखट. "पण ते म्हाताऱ्या कॅप्टनांना घरी बसायचे पैसे देतायत ना? मी बातम्यांत ऐकलं."

खरं होतं ते. साठीच्या वरच्यांनी ३१ ऑगस्टच्या आत स्वखुशीने निवृत्ती घेतली तर पासष्टीपर्यंत निम्मा पगार आणि औषधपाणी. वरचा एक गेला की खालचा एक वाचणार, असं युनियनने सांगितलं होतं.

"मग एक्केचाळीस म्हातारे घालवायचे," मिस ओपल म्हणाल्या. "एक तर शेजारीच राहतोय. त्याच्यापासून सुरुवात करा."

शेजारी राहत होते कॅप्टन हॉलिस ट्रॅमेल. वय त्रेसष्ट, यादीत नंबर एकोणीस. गेली दहा वर्षं सर्वांत मोठं विमान, सर्वांत लांबचे मार्ग, आणि महिन्यातून जेमतेम चार फेऱ्या. क्लेटनला ते 'पोरा' म्हणत. क्लेटन अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या गुडघ्याचं एक ऑपरेशन झालं होतं.

पहिल्या रविवारी क्लेटन पीचचा कॉब्लर, म्हणजे फळांच्या फोडींवर पिठाचं आवरण घालून भाजलेलं गोड, घेऊन गेला. मिस ओपलनी पहाटे उठून केलेला, वरचं आवरण सोनेरी, कडेने रस उकळून आलेला. कॅप्टन ओसरीवर बसले होते. त्यांनी चमचा स्वतःच आणलेला होता.

"बरेच दिवस घरी आहात, सर," क्लेटनने सुरुवात केली. "विश्रांती मिळत असेल."

"मिळतेय."

"माझा एक काका निवृत्त झाला ना, दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. रोज तळ्यावर, गळ टाकून..."

"मासे मला आवडत नाहीत," कॅप्टन म्हणाले. "पकडायला नाही आणि खायलाही नाही."

"मग एखादी मोठी घर-गाडी घेऊन देशभर फिरायचं..."

"पोरा, देश मी वरून बघितलाय. खालून बघण्यासारखं काही राहिलेलं नाही." त्यांनी कॉब्लरचा तळ खरवडला. "पण विचार चालू आहे हो माझा. अगदीच नाही असं नाही."

एवढ्या एका वाक्यावर क्लेटन उड्या मारत घरी आला. पुढच्या आठवड्यात केळ्याचं पुडिंग गेलं, मग चीझ-मिरचीची सँडविचेस, मग धुरावर भाजलेला डुकराचा खांदा, आणि दर वेळी भांडं रिकामं होता होता कॅप्टन म्हणत, "विचार करतोय." गल्लीत रेषेखाली असलेले आणखी दोघे पायलट होते. त्यांनाही सुगावा लागला आणि त्यांच्या घरूनही ताटं सुरू झाली. एकाने तर कॅप्टनचं हिरवळीचं गवत कापून दिलं. कॅप्टनांनी दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून कडा नीट झाल्या नाहीत म्हणून सांगितलं, आणि तो बापडा पुन्हा मशीन घेऊन आला.

ऑगस्टच्या मध्यावर एक नवीच चिंता उभी राहिली. कॅप्टनांच्या शर्टाची बटणं ताणलेली दिसायला लागली.

"रोंडा," क्लेटन घाबरा होऊन म्हणाला, "ते वैद्यकीय तपासणीत नापास झाले तर?"

"मग घरीच बसतील. बरंच झालं की."

"अगं नाही! आजारपणाच्या रजेवर गेले तर नंबर त्यांचाच राहतो. जागा सुटत नाही. त्यांचं पोट वाढलं तर माझं काम जातंय!"

त्या दिवसापासून शेजारी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर जायला लागली. कॅप्टनांनी पहिल्याच दिवशी ताटलीवरचा कागद उचलून आत पाहिलं, पुन्हा झाकलं आणि म्हणाले, "मिस ओपल आजारी आहेत का?"

"नाही सर."

"मग त्यांना सांग, माझा विचार जरा थंडावलाय."

मिस ओपलनी हे ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "देव त्याचं भलं करो." त्या भागात एखादी बाई असं म्हणाली की समोरच्याचं काय होवो अशी तिची इच्छा आहे, ते सगळ्यांना कळतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा ओव्हन पेटवला.

चौथ्या आठवड्यात कॅप्टनांच्या पत्नी, लोरेटाबाई, भर दुपारी आपली बॅटरीगाडी घेऊन दारात आल्या. मास्क हनुवटीवर, डोळे लाल. क्लेटन गॅरेजमध्ये होता. त्या गाडीतून उतरल्याही नाहीत.

"क्लेटन, तू माझ्या नवऱ्याला निवृत्त करायला निघालायस, होय ना?"

क्लेटनने पाना खाली ठेवला. "मी फक्त कॉब्लर..."

"माझ्यापासून लपवू नकोस. मी पायलटची बायको आहे. हे बघ, चौतीस वर्षं लग्नाला झाली. पण तो महिन्यातले बारा दिवस घरी. म्हणजे तेरा-चौदा वर्षंच झाली म्हण ना. आणि सुखाची झाली, खोटं कशाला बोलू? आता मार्चपासून, एखादं उड्डाण सोडलं तर, तो रोज घरी आहे. रोज! काल मी भांडी धुवायचं मशीन लावत होते, तर हा पाठीमागे येऊन उभा. हातात विमानातल्यासारखी तपासणीची यादी. म्हणतो, 'मी वाचतो, तू उत्तर दे. साबण?' मी म्हटलं, 'घातला.' म्हणतो, 'नुसतं घातला असं नाही म्हणायचं. साबण, तपासला.'"

क्लेटनला हसू आवरेना, पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते गिळलं.

"मसाल्याच्या बरण्या त्याने अक्षरांप्रमाणे लावल्या," त्या पुढे म्हणाल्या. "मीठ सापडत नाही मला स्वतःच्या घरात. दोन वर्षं आहेत अजून त्याची. ती दोन वर्षं मला दे रे. तुझं पोट आहे हे कळतं मला. पण माझंही डोकं आहे."

आणि एवढ्या मोठ्या कॅप्टनची बायको, जिच्या घरी नाताळात सबंध गल्ली जेवायला जाई, ती गाडीचं स्टिअरिंग धरून रडायला लागली. क्लेटनने तिला थंड गोड चहा आणून दिला. दुसरं काय देणार?

त्या संध्याकाळी त्याने रोंडाला सगळं सांगितलं. "मी काय करतोय गं? अन्न नेऊन नेऊन एका माणसाला घरी बसवतोय. आणि का, तर मी त्याच्यानंतर छत्तीस वर्षांनी नोकरीला लागलो म्हणून."

"तू नाही गेलास तर ते दोघे जाणारच आहेत ताटं घेऊन," रोंडा म्हणाली. "पण तुला झोप लागत नाही, ते मला दिसतंय. जा, आणि सरळ बोल."

तीस तारखेला तो रिकाम्या हाताने गेला. कॅप्टन गॅरेजमध्ये स्टुलावर बसून ड्यूटीचे काळे बूट पॉलिश करत होते. पाच आठवड्यांत त्यांना एकही उड्डाण लागलेलं नव्हतं. बुटांत तोंड दिसत होतं, तरी ते घासत होते.

"आज काही नाही आणलंस?"

"नाही सर. मला सांगायचं होतं, की तुम्ही माझा विचार करू नका. तुम्हाला उडवायचंय ना, मग उडवा. सही नका करू. मी याआधी दोनदा पडलोय, तिसऱ्यांदा उठेन."

कॅप्टनांनी ब्रश खाली ठेवला. "सही मी नऊ ऑगस्टलाच केली."

क्लेटनला आधी कळलंच नाही. "नऊ... आणि मग तो डुकराचा खांदा?"

"चांगला होता."

"पुडिंग?"

"जरा गोड. पण चांगलं." कॅप्टन उठले आणि बूट कपाटात ठेवायला गेले. पाठमोरे असतानाच बोलले. "जुलैत शेवटचं उड्डाण केलं. तीनशे खुर्च्यांच्या विमानात सात माणसं. त्यातली दोन आपलीच, फुकट पासवर. त्याला उडवणं नाही म्हणत पोरा, रिकाम्या खुर्च्या एकीकडून दुसरीकडे ठेवणं म्हणतात. तुझ्यासाठी नाही केलं हां मी, उगाच गळ्यात पडू नकोस. लोरेटाला अजून सांगितलेलं नाही. तिला आनंदाचा धक्का द्यायचाय."

क्लेटनने घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा मिस ओपल इतकंच म्हणाल्या, "तीन आठवडे मी त्या माणसाला पीच सोलून घातले?" आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

धक्का लोरेटाबाईंना बसला. त्यातल्या आनंदाबद्दल खात्रीने सांगता येणार नाही. दार आपटल्याचा आवाज तीन घरांपर्यंत आला.

एकंदर पाचशे बारा कॅप्टनांनी सह्या केल्या. हवे होते एक्केचाळीस आणि मिळाले पाचशे बारा. गल्लीत दोन दिवस सणच होता. रेषेखालचे दोघे पायलट बाटली घेऊन आले. क्लेटनला पहिल्यांदाच वाटलं, की आपल्या पायाचा दोष गेला.

अठरा सप्टेंबरला दुसरं पत्र आलं. म्हाताऱ्यांच्या त्यागाबद्दल कंपनी ऋणी होती. मात्र 'बदललेल्या अंदाजांनुसार' रेष नव्याने आखण्यात येत होती. नव्या हिशेबाने क्लेटन प्रूइट रेषेच्या सहा जागा खाली होता. सोबत साहेबांच्या नव्या व्हिडिओचा दुवा होता. स्वेटर या वेळी निळा होता.

युनियनने निषेध केला, जोरदार केला, अर्धं पान भरून केला. एक ऑक्टोबरला क्लेटनने ओळखपत्र आणि विमानतळाच्या दारांचा पास एका खिडकीत दिला. पलीकडच्या मुलीने पावती दिली आणि "तुमचा दिवस छान जावो" म्हणाली. ती तरी बिचारी दुसरं काय म्हणणार? गाडीत बसल्यावर मात्र क्लेटनला किल्ली फिरवता येईना. वीस मिनिटं तो नुसता बसून राहिला. मागच्या दोन वेळी तो चिडला होता, ओरडला होता. या वेळी राग येत नव्हता, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

आठवड्याभरात त्याला गावाबाहेरच्या घरबांधणीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात काम मिळालं, लाकूड विभागात. देशात विमानात बसायला कोणी तयार नव्हतं, पण घरात कोंडलेल्या प्रत्येक माणसाला घरामागे लाकडी ओटा मात्र बांधायचा होता. मॅनेजर तिशीचा होता. त्याने क्लेटनला हिरवा एप्रन दिला आणि नियम समजावले. "सुट्टीचा वार निवडायचा तो नोकरीला लागल्याच्या तारखेप्रमाणे. जो आधी लागला तो आधी निवडणार. समजायला कठीण जात असेल तर विचारा."

"नाही," क्लेटन म्हणाला. "समजतंय."

"तुमच्या बाजूला रंगाच्या काउंटरवर एकजण आहे, चौदा सप्टेंबरला लागलाय. त्याला विचारून घ्या त्याने काय निवडलंय."

रंगाच्या काउंटरमागे, एप्रनची गाठ अगदी बरोबर मधोमध बांधून, कॅप्टन हॉलिस ट्रॅमेल उभे होते.

"रविवार माझा आहे," ते म्हणाले.

"सर, तुम्ही इथे कसे?"

"लोरेटाने अर्ज भरला. माझ्या नावाने. मुलाखतीच्या दिवशी मला दारात सोडून गेली." त्यांनी रंगाचा डबा हलवण्याच्या मशीनमध्ये ठेवला आणि झाकण दोनदा तपासलं. "शनिवारही माझाच आहे. तुला मंगळवार राहिलाय. मंगळवारी गर्दी नसते, चांगला वार आहे."

म्हणजे क्लेटनने चार हजार मैल दूर जाऊन लाकूड कापलं असतं तरी हा माणूस तिथे आधी पोचलेला सापडला असता. पहिले दोन दिवस तो त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानाचा माइक कॅप्टनांच्या हाती लागला. तो खोल, संथ, कापसात गुंडाळलेला आवाज सबंध दुकानात घुमला. "नमस्कार मंडळी. मी हॉलिस बोलतोय, पुढे रंगाच्या काउंटरवरून. बाहेर तापमान बहात्तर अंश फॅरनहाइट, आकाश निरभ्र. बाराव्या रांगेत बाहेरच्या रंगाच्या डब्यांवर आज सवलत आहे. आमच्याकडे आल्याबद्दल आभारी आहोत." फळ्या बघणारी माणसं माना वर करून थांबली. एका म्हातारीने तर नकळत पर्स पोटाशी घट्ट धरली. क्लेटन करवतीपाशी उभ्या उभ्या हसला, मग त्याचं हसणं थांबेना, मग डोळे पुसायला त्याला चष्मा काढावा लागला.

तो हिवाळा दोघांनी तसाच काढला. डबे खाताना कॅप्टन त्याला जुन्या विमानांच्या गोष्टी सांगत. त्यांतल्या निम्म्या थापा असाव्यात. क्लेटन फळ्या कापायला पटाईत झाला. आठवडे गेले तशी त्याच्या बोटांची नखं लाकडाच्या भुशाने पिवळी पडली आणि त्याला नीट झोप लागायला लागली. लोरेटाबाई एकदा दुकानात आल्या, नवऱ्याकडून स्वयंपाकघरासाठी फिक्कट निळा रंग मिसळून घेतला, इतर गिऱ्हाइकांसारखी रांग लावून. जाताना त्यांनी क्लेटनचा हात दाबला. "महिन्यातले बावीस दिवस तो इथे असतो," त्या कुजबुजल्या. "आमचं पुन्हा छान चाललंय."

मार्चच्या अखेरीस, लशी सुरू झाल्यावर, मॅग्नोलियाचा फोन आला. लोक घरात बसून कंटाळले होते, पैसे साचले होते, आणि सगळ्यांना एकदमच समुद्रकिनारी जायचं होतं. साहेबांना अंदाज पुन्हा बदललेले आढळले. आता पायलट कमी पडत होते. ज्यांना त्यांनी पैसे देऊन घालवलं त्या पाचशे बारांची त्यांना आठवणही आली म्हणतात, पण ते परत येऊ शकत नव्हते, यादीत नवीन माणूस म्हणून तळाला लागल्याशिवाय.

क्लेटनने कॅप्टनांना सांगितलं तेव्हा ते एका बाईला दोन पांढऱ्या रंगांतला फरक समजावत होते. त्यांनी तिचं काम पूर्ण केलं, तिला वाटेला लावलं आणि मग वळले.

"मॅनेजरला लेखी दिलंस?"

"दिलं सर."

"मग ठीक. सिम्युलेटरमध्ये पहिल्या दिवशी हात जड पडतील. पडू दे. फळ्यांसारखं ढकलू नकोस, एवढंच." त्यांनी हात पुढे केला, मग अजून मास्कचे दिवस आहेत हे आठवून कोपर पुढे केलं. कोपराला कोपर लागलं आणि दोघेही कुठे बघावं हे न समजून रंगाच्या डब्यांकडे बघत राहिले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात क्लेटनचं उड्डाण होतं ऑरलँडोला. विमान तुडुंब. रडणारी पोरं, प्लॅस्टिकच्या तलवारी, वरच्या कप्प्यांवरून तीन भांडणं. गर्दीमुळे निघायला अकरा मिनिटं उशीर झाला. उतरल्यावर तो दारात उभा राहून सगळ्यांना निरोप देत होता. शेवटून चौथ्या ओळीतल्या एक बाई समोर येऊन थांबल्या, उन्हाची टोपी तिरकी, घामाने लाल.

"अकरा मिनिटं!" त्या म्हणाल्या. "आणि पाय ठेवायला जागा नाही, पाणी कोमट, माझ्या शेजारचा माणूस सगळा वेळ घोरत होता! ही काय विमानसेवा आहे? मी तक्रार करणार आहे!"

"जरूर करा मॅडम," क्लेटन म्हणाला, आणि आपल्याला गहिवरून येतंय हे त्यांना कळू नये म्हणून त्यांची जड पिशवी त्याने स्वतः उचलून विमानतळाच्या गेटपर्यंत नेली.